पंचवीस वर्षांची पेटी

“सर, नुसतं झाकण उघडायचं. आतल्या वस्तूला हात लावायचा नाही. बघायचं आणि परत बंद करायचं,” प्रणीत म्हणाला.

मधली सुट्टी होती. मी शाळेच्या व्हरांड्यात डबा उघडून बसलो होतो. भाकरीचा घास हातात तसाच धरून मी विचारलं, “कशासाठी?”

“लोकांना बघायचंय.”

“बघतील की. अजून तेवीस वर्षांनी.”

मी त्याला पायी काशीला जायला सांगावं, तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं.

“तेवीस वर्षांनी कोण बघणार सर? तवर माझं पेज बंद पडंल.”

प्रणीत सुरवसे हा आमच्या सरपंचांचा पुतण्या. माझाच जुना विद्यार्थी. इतिहासात कायम काठावर पास, पण बोलण्यात पहिला. ‘आपलं धामणशेत’ नावाचं त्याचं एक पेज होतं आणि त्यावर तो गावातल्या बातम्यांचे व्हिडिओ टाकायचा. कुणाच्या विहिरीत साप पडला, कुणाच्या डाळिंबाला काय भाव मिळाला, कुणाची म्हैस जुळी व्याली. फोनवरचं इंटरनेट फुकटाच्या भावात मिळायला लागून दोन-एक वर्षं झाली होती, आणि सांगोल्याच्या पलीकडच्या आमच्या त्या कोरड्या गावात पाण्याआधी नेट पोहोचलं होतं. प्रणीतचा धंदा जोरात होता. अडचण एवढीच, की धामणशेतात रोज काही घडत नव्हतं.

आणि शाळेच्या आवारात, कडुलिंबाखाली, एक पेटी पुरलेली होती.

ती पुरली शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला. कल्पना आमचे मुख्याध्यापक थोरबोले सर यांची. गावातल्या लोकांनी आपली एकेक आवडती वस्तू द्यायची, ती लोखंडी पेटीत ठेवायची, पेटी विटांनी बांधलेल्या खड्ड्यात सोडायची, वर फरशी बसवायची आणि पंचवीस वर्षांनी, शाळेच्या पंच्याहत्तरीला उघडायची. सरांनी तिला ‘कालकुपी’ असं नाव दिलं होतं. गावानं ते एक दिवस नीट उच्चारलं, दुसऱ्या दिवशी ‘काळकुपी’ केलं आणि तिसऱ्या दिवसापासून सगळे ‘पेटी’ म्हणायला लागले. पेटीची एक समिती झाली. थोरबोले सर अध्यक्ष. सरपंच बाजीराव सुरवसे, दवाखानावाले डॉक्टर कुलाळ आणि महिला बचत गटाच्या कमलताई ढोबळे हे सदस्य. मी चिटणीस, कारण माझं अक्षर बरं होतं.

सरपंचांनी सत्कारात मिळालेला चांदीच्या मुलाम्याचा छोटा नांगर दिला. डॉक्टरांनी आपला पहिला स्टेथोस्कोप दिला. कमलताईंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली, “पंचवीस वर्षांनी बघू कसं मुरतंय ते” असं म्हणून. थोरबोले सरांनी आपलं शाईचं पेन दिलं. आम्हा शिक्षकांकडून मिळून शाळेचा पृथ्वीगोल गेला. दहावीच्या पोरांनी तालुक्याची मॅच जिंकून दिलेला चेंडू टाकला.

आणि सगळ्यात शेवटी माझी आई उठली.

आईला गाव आक्का म्हणायचं. सत्तरीची होती. मिश्री लावायची, टीव्हीवरच्या मालिका बघायची, आणि मध्ये जाहिरात लागली की “आता ह्यांचं कोण मेलं” असं म्हणून रिमोट आपटायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिला चहा लागायचा. म्हणजे ती काही धीराची पुतळी नव्हती. पण त्या दिवशी ती कनातीतून सावकाश चालत आली, जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं एक बोचकं स्वतःच्या हातानं पेटीत ठेवलं आणि परत जाऊन बसली.

“आई, काय आहे त्यात?” मी घरी आल्यावर विचारलं.

“हाय कायतरी.”

“सांग की.”

“पेटी उघडली की कळंल.”

माझ्या मनातून तो विषय गेला असता. पण माझी बायको विजया हिच्या मनातून जाईना. कारण त्याच सुमाराला आईच्या गळ्यातली बोरमाळ दिसेनाशी झाली. आईच्या आईनं दिलेली, जुन्या घडणीची, भरघोस माळ. आईला सून एकच असल्यामुळं ती माळ आज ना उद्या आपलीच, असं विजयानं लग्नापासून धरलेलं होतं. आणि तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं, हा तिच्या मते तिचा मोठेपणा होता.

“जमिनीत पुरलीय त्यांनी,” ती रात्रीच्या भाकरी करताना म्हणायची.

“कशावरून?”

“मग गळ्यात का नाही?”

“तू तिला विचार ना.”

“मी? मी विचारलं की झालं. सुनेचा डोळा सोन्यावर, असं गावभर होईल. तुम्ही विचारा.”

मी विचारलं नाही. बायको आणि आई यांच्यामध्ये सोनं आलं की पुरुषानं फळ्याकडं तोंड करून उभं राहावं, हे मला नोकरीपेक्षा संसारानं जास्त शिकवलं होतं. पण मनात किडा वळवळायला लागला तो लागलाच. पेटी उघडेल तेव्हा मी पंच्याहत्तरीचा असणार होतो आणि विजया सत्तरीची. “सत्तराव्या वर्षी बोरमाळ घालून मी कुठं नाचायला जाऊ?” हा तिचा प्रश्न चुकीचा म्हणता येत नव्हता.

त्यामुळं प्रणीत मधल्या सुट्टीत माझ्याकडं आला तेव्हा मी त्याला हाकललं खरं, पण हवं तितक्या जोरात हाकललं नाही. हे त्यानं बरोबर ओळखलं. त्याच संध्याकाळी त्यानं पेजवर टाकलं, ‘धामणशेतची रहस्यमय पेटी. तुम्हाला काय वाटतं, उघडावी का? हो, की लगेच?’ नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती. दोन दिवसांत ‘लगेच’ प्रचंड बहुमतानं निवडून आलं.

गावाला वेड लागल्यासारखं झालं. जी पेटी दोन वर्षं कुणाच्या लक्षात नव्हती, तिच्यावाचून लोकांना अन्न गोड लागेना. कुणी म्हणालं, आत वाळवी गेली असेल. कुणी म्हणालं, पाणी शिरलं असेल. आमच्याकडं ज्या वर्षी प्यायलाही पाणी नव्हतं त्या वर्षी. एका म्हाताऱ्यानं फरशीला कान लावला आणि आत काहीतरी वाजतंय असं सांगितलं. आमचं गाव तसंही घाईवरच आलं होतं. सर्दी झाली तरी लोक डॉक्टरांना म्हणायचे, “गोळी नको, सुई मारा.” पोरं मला म्हणायची, “सर, धडा नको, पेपरात काय येणार तेवढं सांगा.” एका पोरानं शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा व्हिडिओ दुप्पट वेगानं बघितला होता आणि महाराज इतक्या लवकर कसे सुटले, असं मला विचारलं होतं.

शेवटी थोरबोले सरांनी समितीची बैठक बोलावली. शाळेच्या सभागृहात निम्मं गाव जमलं. प्रणीत मागं उभा राहून फोनवर सगळं घेत होता.

मला वाटलं होतं, सरपंच पुतण्याच्या बाजूनं बोलतील. निवडणूक जवळ आली होती आणि फुकटची प्रसिद्धी सरपंचांनी कधी सोडलेली मला आठवत नाही. पण बाजीराव उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “मंडळी, आपल्या बापजाद्यांनी चिंचा लावल्या त्या सोत्ता खायला न्हाई. दम धरणं ही आपली संस्कृती हाय. पेटीला हात लावायचा न्हाई.”

प्रणीत फोन खाली करून काकाकडं बघतच राहिला.

मग डॉक्टर कुलाळ उठले. दिवसाकाठी पन्नास सुया मारणारा माणूस. ते म्हणाले, “हल्ली लोकांना सगळं लगेच पाहिजे. शरीर असो की समाज, प्रत्येक गोष्टीला तिचा वेळ दिला पाहिजे. माझं तर स्पष्ट मत आहे, पेटी उघडू नये. पंचवीसच काय, पन्नास वर्षं उघडू नये.”

“लोणचंसुद्धा मुरावं लागतं,” कमलताई पदर सावरत म्हणाल्या. “उगं सारखी बरणी उघडली की बुरा येतो.”

थोरबोले सर सगळ्यांत कडक बोलले. “शब्द म्हणजे शब्द. विद्यार्थ्यांसमोर आपण काय आदर्श ठेवणार? उतावळेपणाचा? मी मुख्याध्यापक असेपर्यंत हे होणार नाही.”

मला भरून आलं. खरंच सांगतो. या गावात मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवत होतो आणि या लोकांच्या पोटात इतका संयम आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पेजवरच्या गर्दीपुढं ही चार माणसं खांबासारखी उभी होती. फक्त एकच गोष्ट मला विचित्र वाटली. चौघांनाही चांगलाच घाम फुटला होता, आणि दिवस थंडीचे होते.

“मग आत पाणी शिरलं असंल तर?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “पंचवीस वर्षांनी काय चिखल बघायचा?”

“लिगाडे सरांचं काय मत? ते चिटणीस हायेत,” प्रणीतनं बाण सोडला.

सगळं सभागृह माझ्याकडं वळलं. बायकांच्या रांगेत विजया बसली होती. तिनं नुसता स्वतःच्या मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला.

मी उठलो आणि म्हणालो, “माझ्या मते, एकदा उघडून पाहावं. वस्तू सुरक्षित आहेत याची खात्री करावी आणि परत बंद करावी.”

टाळ्या इतक्या झाल्या की थोरबोले सरांचं “हे पाहा, हे पाहा” कुणाला ऐकूच गेलं नाही. सरपंच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मास्तर, तुमास्नी कळतंय का काय केलं ते?” मला वाटलं, संस्कृतीबद्दलच म्हणतायत.

घरी येऊन आईला सांगितलं. ती मालिका बघत होती. नजर न हलवता म्हणाली, “उघडा की. माझ्या बोचक्याला हात लावू नगा म्हंजी झालं.” मग जाहिरात लागल्यावर तिनं विचारलं, “व्हिडिओत मी पण दिसनार का रं?” दिसशील म्हटल्यावर तिनं विजयाला ठेवणीतलं लुगडं काढायला सांगितलं.

रविवारी सकाळी लिंबाखाली मांडव पडला. धामणशेतबरोबर शेजारची दोन गावं आली. आईस्क्रीमची गाडी आली. प्रणीतनं फोन एका काठीला बांधला होता आणि तो काठीशीच बोलत होता. “तर मित्रांनो, ज्या क्षणाची आपण सगळे पंचवीस वर्षं वाट बघत होतो—”

“दोन,” मी म्हणालो.

“दोन वर्षं वाट बघत होतो, तो क्षण आलेला आहे.”

फरशी सिमेंटनं पक्की बसवलेली असणार म्हणून चार दांडगी माणसं पहारी घेऊन तयार होती. नारळ फुटला. चौघांनी पहारी लावल्या, “हर हर महादेव” म्हणून जोर केला आणि चौघेही उताणे पडले. फरशी पत्र्याच्या झाकणासारखी सुटून आली होती. खाली सिमेंटचा पत्ता नव्हता. काम सरपंचांच्या मेहुण्याकडं होतं आणि त्यानं दोन वर्षांपूर्वी “पुढच्या आठवड्यात पक्की करतो” असं सांगितलं होतं.

पेटी वर काढली. कुलूप होतं. किल्ली ऑफिसात खिळ्याला होती. तिच्यावर ‘कालकुपी’ अशी पट्टी मीच माझ्या चांगल्या अक्षरात चिकटवली होती. थोरबोले सरांनी कुलूप उघडलं. प्रणीतनं काठी पुढं केली आणि झाकण वर गेलं.

आत डांबराच्या गोळ्या होत्या. आणि एका कोपऱ्यात आईचं बोचकं होतं. बाकी पेटी रिकामी.

आईस्क्रीमवाल्याची घंटा तेवढी वाजत होती.

“चोरी,” प्रणीत म्हणाला. आधी हळू, मग काठीकडं तोंड करून मोठ्यानं. “मित्रांनो, गावाचा ठेवा चोरीला गेलेला आहे. सगळं तुमच्यासमोर, लाइव्ह. मी आत्ताच्या आत्ता पोलिसांना फोन लावतोय.”

“थांब जरा,” सरपंच म्हणाले.

“कशाला थांबायचं काका? लगेच कळवलं तर लगेच सापडतील.”

“प्रणीत, फोन खाली ठेव.”

“नाही काका. लोक बघतायत.”

त्यानं दुसऱ्या फोनवर आकडे दाबले, तेवढ्यात डॉक्टर कुलाळ खाकरले. “माझी वस्तू, म्हणजे स्टेथोस्कोप, चोरीला गेलेला नाही,” ते म्हणाले. “माझा नवा पडून फुटला. दवाखान्यात रांग लागलेली. सोलापूरहून दुसरा यायला चार दिवस लागणार होते. म्हटलं, तेवढ्यापुरता काढावा आणि परत ठेवावा. मग राहून गेलं.”

त्यांच्या गळ्यात तोच होता. मीही दोन वर्षं तो बघत होतो.

“कधी काढला?” थोरबोले सरांनी विचारलं.

“पेटी पुरल्यावर दुसऱ्याच महिन्यात. पण सर, देवाशपथ सांगतो, तेव्हा आत लोणचं नव्हतं.”

सगळ्यांनी कमलताईंकडं पाहिलं.

“माझ्याकडं काय बघताय,” कमलताई म्हणाल्या. “जिल्ह्याला मुरलेल्या लोणच्याची स्पर्धा होती. चार दिवसांवर आलेली. घरात सगळं ताजं, जुनी मुरलेली बरणी तेवढी पेटीत. आता चार दिवसांत लोणचं मुरवून कोण देणार मला? पहिला नंबर आला. गावाचंच नाव झालं की. आणि आक्कांचं बोचकं मी नीट कोपऱ्यात सरकवून ठेवलं, धक्कासुद्धा लावला न्हाई.”

मग चेंडू निघाला. तो पेटी पुरल्याच्या पुढच्याच रविवारी मॅच अडली म्हणून पोरांनी नेला होता आणि ओढ्यात घालवला होता. पृथ्वीगोल भूगोलाच्या सरांनी तपासणीच्या दिवशी वर्गात हवा म्हणून काढला होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्यानंच काय ते काढलं. दुसऱ्याची वस्तू जागेवर दिसली नाही, तेव्हा ती खाली असेल म्हणून कुणी खोलात गेलं नव्हतं. चोराला दुसऱ्या चोराची चौकशी करता येत नाही.

“आणि काका, नांगर?” प्रणीतनं विचारलं. काठी अजून चालूच होती.

बाजीरावांनी टोपी काढून परत घातली. “मंत्रीसाहेब अचानक आलं नव्हतं का मागच्या साली. सत्काराला कायतरी द्याय पायजे. तालुक्याला जाऊन आणायला येळ कुठं होता? साहेब खूश झालं. म्हनाले, असा नांगर कुठं बघितला न्हाई.”

आता फक्त थोरबोले सर राहिले. कुणी त्यांना विचारायचं धाडस केलं नाही. पण हळूहळू सगळ्यांच्या नजरा त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर गेल्या. तिथं पेनाची सोनेरी टोपी चमकत होती. सरांनी खाली पाहिलं, खिशावर हात ठेवला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, “बॉलपेननं माझी सही येत नाही.”

सगळ्यांत आधी हसली ती आई. खुर्चीत बसल्या बसल्या तोंडाला पदर लावून ती इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि विजया पाणी घेऊन धावली. मग सगळा मांडव हसायला लागला. सरपंच हसले, डॉक्टर हसले. थोरबोले सरांनी थोडा वेळ विरोध केला आणि मग तेही हसले.

पण प्रणीतचं लक्ष काठीवर होतं. “मित्रांनो, जाऊ नका,” तो सांगत होता. “एक वस्तू अजून आहे.” तो आईसमोर गुडघ्यावर बसला. “आज्जी, तुमचं बोचकं सोडा. चार हजार लोक बघतायत.”

“कुठं हायत?” आईनं मांडवाकडं पाहिलं.

“इथं नाही, फोनवर. लाइव्ह बघतायत. पुण्या-मुंबईहून.”

“मग त्यास्नी म्हनावं, बसा. अजून लई वर्सं हायत.”

“आज्जी, दोन मिनिटांचं काम आहे.”

“माझं न्हाई दोन मिन्टाचं.”

“पण आज्जी, तोवर तुम्ही—” प्रणीत बोलता बोलता थांबला.

“मी नसनच की,” आई म्हणाली. “म्हनून तर ठेवलंय.”

ती उठली, पेटीपाशी गेली. बोचक्याची गाठ तिनं एकदा चाचपली, घट्ट केली आणि ते कोपऱ्यातून काढून मधोमध ठेवलं. आता जागा भरपूर होती. थोरबोले सर खिशातलं पेन काढून पुढं झाले तेव्हा तिनं त्यांना हातानंच थांबवलं. “ऱ्हाऊ द्या सर. तुमास्नी लिवाया लागतंय.”

पेटी परत खाली गेली. या वेळी फरशी सिमेंटनं बसवली आणि ते काम सरपंचांनी समोर उभं राहून करून घेतलं. सिमेंटला आठ-दहा दिवस पाणी मारावं लागतं हे ऐकल्यावर प्रणीत म्हणाला, “आजच्या आज वाळणारं मिळतं की हल्ली.” पण रोज संध्याकाळी घागर घेऊन पाणी मारायला तोच यायचा. त्याच्या पेजवर इतका चाललेला व्हिडिओ त्याआधी झाला नव्हता. लोक खाली लिहीत होते, आजीला म्हणावं, आम्ही बसलोय.

त्या दिवशी संध्याकाळी विजया चुलीपाशी बसली होती. मांडवात हसली होती, पण घरी आल्यावर तिचा चेहरा पडला. शेवटी तिला राहवलं नाही.

“आत्या, एक विचारू? बोरमाळ पण त्यातच आहे का?”

आईला आधी कळलंच नाही. मग ती उठली, ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेली बोरमाळ काढून विजयाच्या ओच्यात टाकली.

“दोरा कुजला म्हनून काढून ठेवली हुती. गाठवायची हाय. आता तूच गाठवून घाल.”

“दोन वर्षं इथंच होती?” विजयानं माळ हातात धरून विचारलं.

“कुठं जाईल? मागितली असतीस तर तवाच दिली असती. मला वाटलं, तुला जुनी घडण आवडत न्हाई.”

विजया रडायला लागली. आईला काही ते समजेना. ती म्हणाली, “आता मिळाली तर रडतीस व्हय,” आणि मालिकेची वेळ झाली म्हणून आत जायला निघाली.

मी तिच्या मागं गेलो. “आई, मग बोचक्यात काय आहे?”

“आता तुझं पण सुरू झालं का?”

“सोनं नाही. मग एवढं जपून काय ठेवलंस?”

ती टीव्हीसमोर बसली. जाहिराती चालू होत्या, त्यामुळं तिला माझ्यासाठी वेळ होता.

“म्हादू, पेटी उघडंल तवा तू किती वर्सांचा असशील?”

“पंच्याहत्तर.”

“म्हंजी म्हातारा. पोरं त्यांच्या त्यांच्या गावाला. म्हाताऱ्याला कोन काय देतंय? समदी त्याच्याकडनं घ्यायलाच येत्यात. तवा तुला वाटंल, आता आपल्याला कुनाकडनं काय यायचं ऱ्हायलं न्हाई.” तिनं रिमोट उचलला. “तर एक यायचं हाय. आईकडनं. आता सरक, सुरू झालं.”

मी सरकलो.

आईला जाऊन आता चार वर्षं झाली. तेराव्याला थोरबोले सर आले होते. निवृत्त होऊन ते सांगोल्याला राहायला गेले होते. निघताना बाजूला घेऊन म्हणाले, “लिगाडे, आता तुमचा हक्क आहे. हवं तर मी शाळेला चिठ्ठी देतो.” मी नको म्हटलं. विजयाकडं पाहिलं, तर तिनंही नको म्हणून मान हलवली. तिच्या गळ्यात बोरमाळ होती.

गेल्या वर्षी मीही निवृत्त झालो, आणि या उन्हाळ्यात शाळेची जुनी इमारत पाडायला काढली. लिंबाखालून नव्या इमारतीचा पाया जाणार होता. पेटी हलवणं भागच होतं. प्रणीत आता सरपंच आहे. पोट सुटलंय, पेज दुसरं कुणीतरी चालवतं. त्यानं मला बोलावून घेतलं. फरशी फोडायला माणसांना अख्खी सकाळ लागली. पेटी वर आली, तर तळाला गंजून भोक पडलेलं. नवी पेटी आणली होती. बोचकं तेवढं एकीतून दुसरीत ठेवायचं होतं.

“सर, तुम्ही ठेवा,” प्रणीत म्हणाला. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज बारीक केला. “कुणी नाही इथं. बघायचं असलं तर मी तोंड फिरवतो.”

“तूच ठेव,” मी म्हणालो.

त्यानं दोन्ही हातांनी बोचकं उचललं. उचलल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात मी हात वर केला.

“जड आहे की हलकं, तेवढंसुद्धा सांगू नकोस,” मी म्हणालो. “अजून सोळा वर्षं आहेत.”